उजव्या गालावरचं ऊन

आमच्या नव्या घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. त्यांतली खालून तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर उंच आहे. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पायाला कळतो. पहिल्या आठवड्यात मी तिथे दोनदा अडखळले, तेव्हा पट्टी आणून मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं.

“गवंडी बोलावणार आहेस का?” माझ्या नवऱ्याने, जीवनने, वरून विचारलं.

“नाही. नोंद असलेली बरी.”

नोंद कोणासाठी, ते त्याला कळत होतं. पण त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. या विषयावर आम्ही असंच बोलत आलो होतो, म्हणजे न बोलता.

विषय माझ्या वडिलांचा होता. आबा नांदगावला शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. एक डोळा गेला. दुसऱ्याने आता समोर माणूस उभा आहे की दार, एवढंच कळतं. आई त्याआधीच गेली होती. माझा धाकटा भाऊ ओम डोंबिवलीला दोन खोल्यांत बायको, दोन मुलं आणि सासूबाईंसह राहतो. त्याने कर्जतजवळचा एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता, फॉर्म भरला होता, आणि येत्या रविवारी तो नांदगावला जाऊन आबांची सही घेणार होता.

ओम वाईट नाही. त्याने निदान काहीतरी ठरवलं होतं. मी तीन वर्षं ठरवतच होते. आधी माझी खात्याची परीक्षा होऊ दे, मग जीवनची बदली होऊ दे, मग घर मिळू दे. मोजमापाच्या एका वाचनावरून निष्कर्ष काढायचा नाही, असं मला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. ती शिकवण मी घरातही लावून घेतली आणि वाचनं वाढवत राहिले.

पुण्याला असताना जीवनच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असायची आणि मला रविवारी. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघांना एकाच दिवशी सुट्टी, असे दिवस फक्त सणावारांचे. नाशिकला आल्यावर कळलं, की सातपूरचे कारखाने शनिवारी बंद असतात. मी पिण्याच्या पाण्याच्या तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मला दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा. १९९७च्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार हा आमचा नाशिकमधला पहिला सामाईक सुट्टीचा दिवस. रविवारी जीवनला पुन्हा कामावर जायचं होतं, म्हणजे आमचा वीकएंड एकाच दिवसाचा. आणि ओम नांदगावला पोचण्याआधीचा तो शेवटचा दिवस होता.

“शहर बघू या,” जीवन म्हणाला. “आलो तेव्हापासून खोकीच उघडतोय.”

आम्ही पावणेआठला निघालो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. हवेत गारवा होता आणि हिरावाडीत दोन इमारतींच्या मध्ये राहिलेल्या मेथीच्या वाफ्यांवर दव होतं. मी पावलं मोजत होते. फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकशे चाळीस. गिरणीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पंचाण्णव, मध्ये एक उघडं गटार, त्यावर फरशी, रुंदी पुरेशी.

“मनातल्या मनात मोज,” जीवन म्हणाला. “ओठ हलतायत. लोकांना वाटेल, बाईने जप धरलाय.”

आम्ही कॉलेजात एकाच वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाई असल्या की अहो. त्या दिवशी सासूबाई नव्हत्या.

“तू गप चाल. आकडा चुकला माझा.”

पंचवटी कारंज्यापाशी आम्ही चहा घेतला आणि होळकर पुलावरून पलीकडे गेलो. पुलाच्या मध्यावर हवा बदलली. दोन्ही काठांपेक्षा तिथे ती स्पष्ट थंड होती, आणि खालून कपडे आपटल्याचा, बादल्यांचा आणि कुणीतरी मोठ्याने म्हणत असलेल्या मंत्रांचा आवाज एकत्र वर येत होता. डोळे मिटले तरी इथे पूल आहे हे कळलं असतं. मला हे फार आवडलं. रोज येणाऱ्या माणसाला हे शहर काही न दाखवताही बरंच सांगत होतं.

जुन्या गावात गल्ल्या अरुंद होत्या. फुलांच्या बाजारातून बाहेर पडलो तरी झेंडूचा वास कपड्यांबरोबर आला. पुढे तांबटांच्या वस्तीत ठोके सुरू झाले होते. सुरुवातीला तो एकच गोंगाट वाटला. मग मी जीवनचा कोपर धरला आणि डोळे मिटले. हळूहळू गोंगाट सुटा झाला. डावीकडे जड हातोडा, संथ, मोठ्या भांड्यावर. उजवीकडे बारीक, भराभर, बहुधा तांब्याच्या गळ्यावर. त्याच्या पुढच्या दुकानात मधला आवाज, आणि तो कारागीर दर सात-आठ ठोक्यांनंतर भांडं फिरवायला थांबत होता. प्रत्येक दुकानाचा सूर वेगळा होता. मी पंधरा पावलं चालले आणि आपण गल्लीत कुठे आहोत ते मला सांगता आलं.

“डोळ्यात काही गेलं का?” जीवनने विचारलं.

“नाही. ऐकतेय.”

त्याने कोपर थोडा पुढे केला, मला नीट धरता यावा म्हणून. एक तांबट हातोडा थांबवून म्हणाला, “ताईंना चक्कर येतीय का? बसा ना.” मी डोळे उघडले. तो पन्नाशीचा माणूस होता आणि त्याच्या पुढ्यात अर्धा झालेला बंब होता. ठोक्यांच्या खुणा एका ओळीत, सारख्या अंतरावर, कुठेही आखून घेतलेलं नसताना. मी त्याला तसं सांगितलं. तो लाजला. “हातच मोजतो, ताई,” म्हणाला.

परत नदीवर आलो आणि रामकुंडाच्या वरच्या पायऱ्यांवर बसलो. तिथे जीवन बोलला.

“दीपा, एक सांगू? रागावू नकोस.”

“सांग.”

“नांदगावात आबांना दगड न् दगड माहीत आहे. स्टेशनपर्यंत एकटे जातात. समोर शफीभाईंच्या मेडिकलमध्ये जाऊन तासभर बसतात. शफीभाई पेपर वाचून दाखवतात. इथे आणून आपण त्यांना एका खोलीत ठेवणार. तू साडेपाचला घरी येणार, मी सातला. मग कर्जतमध्ये आणि हिरावाडीत फरक काय?”

तीन वर्षांत पहिल्यांदा तो या विषयावर सरळ बोलत होता. मला राग आला नाही. हरकत बरोबर होती.

“फरक आहे का, तेच बघतेय,” मी म्हणाले.

“आणि आबा? ते येतील?”

आबा ग्रहणात मुद्दाम जेवायचे, वर्गातल्या मुलांना जेवायला लावायचे. पण लेकीच्या घरी दोन दिवसांवर राहायचं नाही, ही एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. पुण्याला आले की तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरलेली असायची.

मी विषय बदलला. म्हणजे नेहमीचं केलं. “औरंगाबाद नाक्यावरून घरी जाऊ,” म्हणाले. “नदी पूर्वेला वाहते. डाव्या काठाने खाली चालत गेलो, की नाक्याच्या जवळपास निघू.”

“खात्री आहे?”

“भूगोलाच्या मास्तरांची मुलगी आहे मी.”

निघालो. घाट संपल्यावर वाट मातीची झाली आणि माणसं कमी झाली. मी पुन्हा डोळे मिटले आणि जीवनच्या कोपराला हात लावून चालू लागले. माती सपाट होती. उजवीकडे पाणी. कुठेतरी मोटारपंप. खंड्या पक्ष्याचा कर्कश आवाज. मी बरीच पावलं चालले आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काय, ते लगेच कळेना.

मग कळलं. ऊन डाव्या गालावर होतं.

नोव्हेंबरात सकाळी सव्वानऊच्या सुमाराला सूर्य आग्नेयेला असतो. आपण पूर्वेला चालत असलो, तर ऊन उजव्या गालावर यायला हवं. मी थांबले आणि डोळे उघडले.

“आपण दक्षिणेला चाललोय.”

“नदी तर उजव्या हातालाच आहे,” जीवन म्हणाला.

“नदी वळली. रामकुंडापाशीच वळली असणार. मी पुस्तकातल्या नदीबरोबर चालत होते.”

जीवन हसायला लागला. त्याला हसू आवरेना. “मास्तरांच्या मुलीला गोदावरीने फसवलं,” म्हणाला, “हे आबांना मीच सांगणार.”

मलाही हसू आलं. पण मनात दुसरंच चाललं होतं. डोळे उघडे ठेवून मी हे वळण चुकले होते. ते मिटल्यावर गालाने सांगितलं. आबा बरोबर असते तर त्यांना पन्नास पावलांत कळलं असतं.

समोर शेतं होती. कोथिंबीर, मेथी, शेपू यांचे वाफे, आणि बांधापलीकडे झेंडू. शेडच्या सावलीत दोन बायका कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. एक चाळिशीची, दुसरी म्हातारी.

“कुठं चालले?” चाळिशीची बाई ओरडली. “वाट चुकले जणू!”

“औरंगाबाद नाक्याला जायचंय.”

“नाका? ही तपोवनाकडची वाट हाय. नाका लय मागं ऱ्हायला.” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “डोळे झाकून चालत होते ना तुमी? मी बघत होते मघाधरनं. म्हनलं, नवस बिवस हाय का काय.”

“नवस नाही,” जीवन म्हणाला. “सवय आहे तिची.”

तिने पाणी दिलं आणि चहा ठेवला. नको म्हणायला जागा ठेवली नाही. तिचं नाव सुलाबाई. म्हातारी भिमाबाई. तिने आमच्याकडे मान वळवली, पण नजर आमच्या खांद्यावरून पलीकडे गेली. दोन्ही बुबुळं पांढुरकी झाली होती. हात मात्र थांबले नव्हते. डाव्या हाताने ढिगातून काड्या घ्यायच्या, मुळं एका रेषेत आपटून सारखी करायची, उजव्या हाताने केळीच्या सोपटाची दोरी दोन वेढे फिरवून खोचायची. जुडी बाजूला. पुढची. मी घड्याळ लावलं. एका जुडीला अकरा सेकंद.

मला राहवेना. मी तिच्या ढिगातल्या तीन जुड्या सोडून काड्या मोजल्या. चौऱ्याहत्तर, बहात्तर, पंच्याहत्तर.

“अगं बया!” सुलाबाईने तोंडाला पदर लावला. “भाऊ, तुमची बायको काड्या मोजती हो!”

“घरी पायऱ्या मोजते,” जीवन म्हणाला. “काड्या म्हणजे प्रगतीच आहे.”

“आता बांधून दे म्हनावं त्या. सोडल्यात तर.”

मी बांधल्या. माझ्या जुडीला दीड मिनिट लागलं आणि ती एका बाजूने कलली. भिमाबाईने ती हातात घेतली, चाचपली, काही न बोलता सोडली आणि परत बांधली. आमच्या प्रयोगशाळेत चार दशांशांपर्यंत वजन करणारा तराजू आहे. त्याला रोज सकाळी तपासावं लागतं. या हातांना कुणी तपासत नव्हतं.

“तुमच्या सासूबाई फार छान काम करतात,” मी सुलाबाईला म्हणाले.

“सासू नव्हं. आई हाय माझी. नामपूरची.”

मी जीवनकडे पाहिलं नाही.

“तुमच्याकडेच असतात?”

“चार वर्सं झाली. भाऊ सुरतला. तिथं कुठं ठिवणार?”

“आणि त्या आल्या लगेच?” हे जीवनने विचारलं.

“कुठलं लगेच! पयले दोन महिने नुसती रडली. खोटं कशाला सांगू. एकदा काठी घेऊन निघाली नामपूरला, नाक्यावरनं माघारी आणली. नुसतं बसवून ठेवलं हुतं ना, म्हनून. मग एक दिस मी ढीग तिच्या पुढ्यात टाकला. म्हनलं, रडता रडता बांध.”

भिमाबाई हसली. तिला सगळं ऐकू येत होतं.

“पोरना घरनं पानी पेवानं नही, आसं लोके म्हंतस,” लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये म्हणतात, ते ती तिच्या अहिराणीत आमच्या दिशेने म्हणाली. सुलाबाईने हातात दिलेला कप तिने तोंडाला लावला. “मी कोठे पानी पेस? मी चहा पेस.”

जीवनला ठसका लागला. चहा त्याच्या शर्टावर सांडला. सुलाबाई म्हणाली, “हे रोज म्हनती ती. मला पाठ झालंय.”

दोन महिने रडली, हे मी मनात लिहून घेतलं. ते वाचन माझ्या बाजूचं नव्हतं, पण मला त्याचाच आधार वाटला. नुसतं चांगलं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

निघताना सुलाबाईने वाट सांगितली. “ह्या पान्याच्या चारीच्या कडंकडंनं जा. मोटारीचा आवाज पाठीमागं पडला, की मंग डावीकडं रस्ता लागंल.” तिला आईला वाट सांगायची सवय होती, म्हणून आम्हालाही ती तशीच सांगितली. तिच्या लक्षातही आलं नाही.

रस्ता लागला, नाका आला, आणि आम्ही हिरावाडीकडे वळलो. घर जवळ आल्यावर जीवन थांबला.

“आता माझी पाळी,” म्हणाला आणि त्याने डोळे मिटून माझा कोपर धरला.

तो वाईट चालला. पाय फार उंच उचलत होता आणि एका सायकलवाल्याने घंटा वाजवली तेव्हा माझ्या पावलावर पाय देऊन उभा राहिला. समोरून येणाऱ्या दोन मुली त्याच्याकडे बघून हसल्या. पण मारुतीच्या देवळाच्या पुढे गेल्यावर तो म्हणाला, “गिरणी. डावीकडे. बाजरी दळतायत.” त्याने डोळे उघडले. गिरणी डावीकडे होती. ज्वारी दळत होते.

“ज्वारी,” मी म्हणाले.

“आबांना बरोबर ओळखता येईल.”

आम्ही दोघंही चालायचे थांबलो. गिरणीवाला दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. जीवनने हात झटकले, उगाचच.

“उद्याची रजा टाकतो मी,” तो म्हणाला.

“कशाला?”

“नांदगावला तू एकटी कशी जाणार? त्यांची ती लोखंडी पेटी कोण उचलणार? नकाशे भरलेत तिच्यात.”

“पहिले दोन महिने अवघड जातील,” मी म्हणाले.

“मी ऐकलं ते. मीही तिथेच बसलो होतो.” मग म्हणाला, “त्यांना तू सांगायचंस. मी बोललो तर जावईबापू, जावईबापू करत टाळतील.”

चार वाजता मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. जीवन काचेच्या बाहेर थांबला. मी शफीभाईंच्या मेडिकलचा नंबर फिरवला. लगेच लागला.

“अरे दीपाताई! सलाम. मास्तरांना बोलावू?”

“हो. थांबते मी.”

शफीभाईंनी फोन टेबलावर ठेवला. मला त्यांची हाक ऐकू आली, मग रस्त्यावरून जाणारा टेम्पो, मग एका गिऱ्हाइकाचं खोकल्याचं औषध मागणं. मग काठीचा आवाज. आबांच्या घरापासून त्या दुकानापर्यंत किती पावलं आहेत, ते मी कधी मोजलं नव्हतं. काठी एकदा थांबली, बहुधा उंबरठ्यापाशी, आणि पुन्हा सुरू झाली. खुर्ची सरकली.

“बोल गं.”

“आबा, दीपा.”

“ते कळलं. आज दोघांना सुट्टी ना? गाव बघितलंत का?”

“बघितलं.”

“कसं आहे?”

“छान आहे, आबा. खूप छान आहे.”

“बरं झालं. बदलीचं गाव चांगलं निघणं म्हणजे नशीबच.” त्यांनी काठी कशाला तरी टेकवल्याचा आवाज आला. “उद्या ओम येतोय. तो कागद आहे ना, त्यावर सही करून टाकतो. म्हणजे तुम्ही दोघं मोकळे. तुलाही उगाच घोर नको.”

नेहमीसारखं, “बघू या, आबा” असं म्हणायला त्यांनी मला जागा करून दिली होती. तीन वर्षं ते अशीच जागा करून देत होते आणि मी तिथे जाऊन बसत होते. काचेपलीकडे जीवन पाठमोरा उभा होता, मला पाहायचं नाही असं ठरवून.

“आबा,” मी म्हणाले, “सही करू नका. उद्या सकाळच्या गाडीने जीवन आणि मी येतोय. तुम्ही आता आमच्याकडे राहायचं. दोन दिवस नाही. कायम.”